एकच नाव, अनेक धनी: ‘त्र्यंबक’सारख्या नावाचे फाटापान कसे तयार करावे

नाशिकच्या मजकुरात ‘त्र्यंबक’ हा शब्द आला की तो गाव असू शकतो, गड असू शकतो, शंकराचे नाव असू शकते, पेशवाईतला सेनापती असू शकतो, नाहीतर भेंडीबाजार घराण्याचा गायक. स्मरणिका, ग्रामइतिहास, वाचनालयाची विषयसूची, मराठी विकिपीडियावरचे लेख, या सगळीकडे मला एकच गोंधळ परत परत दिसतो: दोन माणसे एका नोंदीत शिरलेली, किंवा एकाच माणसाच्या दोन नोंदी झालेल्या. चूक बहुतेक वेळा माहितीच्या अभावाने होत नाही, कामाचा क्रम चुकल्याने होते. म्हणून हा क्रम सविस्तर लिहीत आहे.

तयार करायचे आहे ते ‘निःसंदिग्धीकरण पान’. आम्ही बोलताना त्याला फाटापान म्हणतो. द्वारका चौकात पुण्याकडे कुठे वळायचे आणि धुळ्याकडे कुठे, हे पाटी सांगते. पुण्याचा इतिहास ती सांगत नाही. या पानाचे कामही तेवढेच: या नावाचे कोण कोण आहेत, त्यातला तुम्हाला हवा तो कोणता, आणि त्याच्याकडे जायची वाट.

तयारी: बसण्याआधी हाताशी काय हवे

पोस्टकार्डाच्या आकाराच्या कोऱ्या चिठ्ठ्या, निदान पन्नास. संगणकावर तक्ता करता येतो, पण पहिली विभागणी कागदावर करा असे मी आग्रहाने सांगेन. टेबलावर चिठ्ठ्या सरकवताना दोन ढीग एक होत आहेत की एकाचे दोन होत आहेत, हे डोळ्यांना लगेच कळते.

जिल्ह्यातल्या गावांची तालुकावार यादी.

शके आणि इसवी सनाचा मेळ. चैत्रापासून साधारण पौषाच्या मध्यापर्यंत शकात ७८ मिळवायचे, तिथून फाल्गुन संपेपर्यंत ७९. एका वर्षाच्या या फरकाने मृत्यूनंतर पत्र लिहिणारी माणसे तयार होतात.

आणि एक पेन्सिल. ओळख पटेपर्यंत चिठ्ठीवर शाईने काही लिहायचे नाही.

टप्पा १: नावाची सगळी रूपे आधी लिहून काढा

शोध सुरू करायच्या आधी वहीचे एक पान फक्त रूपांसाठी ठेवा. आपल्या नावासाठी ती अशी होतील: त्र्यंबक, त्र्यम्बक, त्रिंबक, त्रंबक. मागे लागणारी: त्र्यंबकराव, त्र्यंबकजी, त्र्यंबकपंत, त्र्यंबकबुवा. नात्याने झालेली: त्र्यंबकमामा. आद्याक्षरे: त्र्यं. शं., त्र्यं. बा. रोमन लिपीतल्या कागदांत निदान दोन रूपे सापडतात, एक ‘ट्रिंबक’ वाचले जाईल असे आणि दुसरे ‘ट्र्यंबक’.

पेशवेकालीन पत्रांत ‘त्रिंबक’ हेच रूप जास्त भेटते. ज्याने फक्त ‘त्र्यंबक’ शोधले, त्याच्या हातून अठरावे शतक जवळजवळ पूर्ण निसटते.

टंकलेखनाकडेही लक्ष द्या. ‘त्र्यं’ हे जोडाक्षर त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार अशा क्रमाने बनते. काही कळफलक मध्येच न दिसणारे जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना शब्द सारखाच दिसतो, शोधाला मात्र तो वेगळा वाटतो.

*तपासणी:* तुमच्या फाइलमध्ये असलेला हा शब्द नक्कल करून शोधचौकटीत टाका. मग तोच शब्द हाताने टंकून शोधा. दोन्ही वेळा सापडणाऱ्या जागांची संख्या सारखी यायला हवी. आली नाही, तर आधी सगळीकडे एकच रूप करून घ्या.

टप्पा २: एक उल्लेख, एक चिठ्ठी

सगळ्यात जास्त घाई इथे होते. वाचता वाचता ‘हा तर तोच’ असे म्हणून आधीच्या चिठ्ठीत भर घातली जाते. तसे करू नका. प्रत्येक उल्लेखाला स्वतंत्र चिठ्ठी, मग तो उघड उघड तोच माणूस का असेना.

चिठ्ठीवर सहा गोष्टी: नाव जसे छापले आहे तसेच, वडिलांचे नाव आणि आडनाव, दिले असेल तर, वर्ष, ठिकाण, तो माणूस तिथे काय करत होता, आणि हे कुठे वाचले ते, पानाच्या क्रमांकासह. माहीत नसलेल्या जागी आडवी रेघ मारा. अंदाजाने काही भरू नका.

माझ्या ढिगातल्या एका चिठ्ठीचा मजकूर असा: ‘त्रिंबकराव. वडील: खंडेराव. १ एप्रिल १७३१. डभई. लढाईत पडला. सेनापती.’ सहापैकी पाच जागा भरल्या. सहावी, म्हणजे पान क्रमांक, मी त्या वेळी टिपली नव्हती. पुढे ती ओळ तपासायची वेळ आली तेव्हा पूर्ण पुस्तक परत चाळावे लागले. पान क्रमांक चिठ्ठीवर सगळ्यात आधी लिहायचा, हे मी तेव्हापासून पाळतो.

*इशारा:* छापलेले नाव चिठ्ठीवर ‘सुधारून’ लिहू नका. ‘त्रिंबकजी’ छापले असेल तर त्रिंबकजीच लिहा. रूपावरून कागदाचा काळ आणि लेखकाची सवय कळते, आणि तो धागा पुढे लागतो.

टप्पा ३: गाव, गड, देव की माणूस?

आता चिठ्ठ्यांचे मोठे ढीग करा. माणसे वेगळी करण्याआधी ठिकाणे बाजूला निघाली पाहिजेत.

मराठीचे व्याकरण इथे फार मदत करते. ‘त्र्यंबकला गेलो’, ‘त्र्यंबकहून निघालो’, ‘मुक्काम त्र्यंबक’ हे गाव. ‘त्र्यंबकरावांनी’, ‘त्र्यंबकजीस’ हा माणूस. नुसते ‘त्रिंबक’ आले तर क्रियापद बघा. ‘त्रिंबक घेतले’ यात नपुंसकलिंग आहे, म्हणजे ठाणे किंवा किल्ला. ‘त्रिंबक आला’ म्हणजे माणूस.

हा बारकावा किती कामाचा आहे, ते १८१८ साल दाखवते. त्या वर्षी इंग्रजांनी त्र्यंबकचा किल्ला घेतला. त्याच वर्षी, त्याच युद्धात, दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे नाशिक जिल्ह्यातल्या अहिरगावी इंग्रजांच्या हाती लागला. साल एक, शत्रू एक, जिल्हा एक, नावही जवळजवळ एक. इंग्रजी टिपणावरून घाईने भाषांतर करणारा ‘त्र्यंबक ताब्यात आला’ एवढेच लिहून मोकळा होतो, आणि वाचकाला कळत नाही की दरवाजा उघडला की माणसाच्या हातात बेड्या पडल्या. अशी ओळ भेटली की मूळ वाक्य गाठा. ते गाठता आले नाही, तर ती चिठ्ठी ‘अनिश्चित’च्या ढिगात ठेवा.

ठिकाणांच्या ढिगातही पोटढीग लागतात. नाशिकपासून साधारण ३० किलोमीटरवरचे गाव, त्याच्या नावाचा तालुका, तिथले ज्योतिर्लिंगाचे देऊळ आणि ब्रह्मगिरीचा गड या चार वेगळ्या गोष्टी आहेत. गावाला रोजच्या बोलण्यात त्र्यंबक म्हणतात, तालुका त्र्यंबकेश्वर, देऊळ त्र्यंबकेश्वराचे. ‘नानासाहेब पेशव्यांनी बांधले’ हे वाक्य देवळाच्या चिठ्ठीवर जाते, गावाच्या नाही. ‘गोदावरीचा उगम’ हे ब्रह्मगिरीच्या चिठ्ठीवर. नाशिक शहरातला त्र्यंबक नाका आणि त्र्यंबक रोड हे पाचव्या ढिगात.

*तपासणी:* ठिकाणाच्या प्रत्येक चिठ्ठीवर तालुका लिहिला आहे का? नाशिककरासाठी ‘ओझर’ म्हणजे निफाड तालुक्यातले, विमानतळाचे. पुणेकरासाठी ओझर म्हणजे जुन्नर तालुक्यातला विघ्नहर गणपती. तालुका नसलेली चिठ्ठी अपुरी समजा.

टप्पा ४: माणसे वेगळी करा, आधी वर्षाने

माणसांच्या चिठ्ठ्या आडव्या रांगेत वर्षानुसार मांडा. नावाकडे बघू नका, हुद्द्याकडेही नाही. फक्त वर्ष. सत्तर-ऐंशी वर्षांपेक्षा लांब पसरलेली रांग सहसा एका माणसाची असत नाही, आणि बहुतेक गुंता एवढ्यानेच सुटतो. मग वडिलांचे नाव, मग ठिकाण, मग काम, या क्रमाने बघा. हुद्दा सगळ्यात शेवटी, कारण सरदार, मामा, पंडित, बुवा ही बिरुदे अनेकांना लागतात.

आपल्या नावाची रांग मांडली की हे लोक उभे राहतात. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे, १७३१ साली डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना मारले गेले. त्र्यंबकराव विश्वनाथ पेठे, म्हणजे त्र्यंबकमामा, माधवराव पेशव्यांच्या काळातले सरदार, मृत्यू १७७४. त्र्यंबकजी डेंगळे, १८१५ साली झालेल्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनात ज्याचे नाव आले तो. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे कवी बालकवी, १८९० ते १९१८. त्र्यंबक शंकर शेजवलकर, इतिहासकार, १८९५ ते १९६३. आणि गायक पंडित त्र्यंबकराव जानोरीकर.

एका स्मरणिकेसाठी मी सूची केली होती. तिच्यात त्र्यंबकमामा डभईला मारले गेले असे छापले गेले. दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘त्र्यंबकराव, सरदार, लढाई’ होते आणि मी हुद्द्यावरून ढीग केले होते. एका वाचकाने पत्र लिहून विचारले, १७३१ साली पडलेला माणूस १७७१ साली हैदरावरच्या मोहिमेत कसा? चाळीस वर्षांचे अंतर माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी ते बघितले नव्हते. छापलेल्या प्रती परत घेता येत नाहीत, आणि त्या चुकीवरून पुढे कोणीतरी लिहिलेले मी नंतर वाचले. वर्ष पहिले, हा क्रम मी एवढ्या जोराने सांगतो तो यासाठी.

संगीताच्या नोंदींत गुंता वेगळा असतो. तिथे बाप आणि मुलगा एकाच बिरुदाने छापले जातात. कात्रणात नुसते ‘पं. पलुसकर यांचे गायन’ असेल तर कोणते पलुसकर? विष्णु दिगंबर पलुसकर २१ ऑगस्ट १९३१ रोजी वारले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, म्हणजे द. वि. पलुसकर, यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशिकला झाला आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी ते गेले. वडील गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. म्हणजे १९३१ हे साल भिंतीसारखे उभे आहे. त्याच्या अलीकडची मैफल वडिलांची, पलीकडची मुलाची. कात्रणावर तारीख नसेल तर मागची बाजू बघा. एखादी जाहिरात, निधनवार्ता, चित्रपटगृहातला खेळ, काहीतरी साल सांगून जाते. मागची बाजू डिंकाने चिकटवून टाकलेली कात्रणे बघितली की जीव हळहळतो. कात्रण चिकटवायचे तर फक्त वरच्या कडेने.

*इशारा:* आडनावातल्या गावावरून जन्मगाव ठरवू नका. पलूस सांगली जिल्ह्यात आहे, पण थोरल्या पलुसकरांचा जन्म कुरुंदवाडचा आणि धाकट्यांचा नाशिकचा. जानोरी दिंडोरी तालुक्यात आहे, म्हणून प्रत्येक जानोरीकराच्या चिठ्ठीवर ‘जन्म: जानोरी’ लिहायचे नाही. ती जागा रेघेचीच.

टप्पा ५: उलटी चूकही शोधा

दोन माणसे एक करण्याइतकीच एका माणसाचे दोन करण्याची चूक वाईट. ती तीन कारणांनी होते.

टोपणनाव: बालकवी आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे अशा दोन नोंदी मी एकाच सूचीत पाहिल्या आहेत.

दत्तक: कुसुमाग्रजांचे जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. इथे वडिलांचे नावही बदलते, म्हणजे चौथ्या टप्प्यातली कसोटीच उलटते. पहिले नाव आणि वडिलांचे नाव दोन्ही वेगळे, पण आडनाव, गाव आणि वर्षे जुळतात असे दिसले की दत्तकविधानाची शक्यता तपासा.

लग्न: बायकांच्या नोंदींत ही कसोटी कायम लावावी लागते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. माहेरचे आणि सासरचे नाव एकाच चिठ्ठीवर आणल्याशिवाय एकाही स्त्रीची नोंद पूर्ण समजू नका. जुन्या सूच्यांत बायका हरवतात त्या बहुतेक इथेच.

टप्पा ६: कोणाला बाहेर ठेवायचे

फाटापानावर फक्त तेच येतात ज्यांना वाचक त्या नावाने शोधेल. हा नियम नाशिकमध्ये पाळणे कठीण जाते, कारण प्रेम आड येते. दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. त्यांचे नाव ‘त्र्यंबक’च्या पानावर हवे असे मला अनेकांनी सांगितले आहे. नको. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके आहे, आणि ‘त्र्यंबक’ टंकून कोणी त्यांना शोधत नाही. गावाच्या लेखात ते मानाने येतील, तिथेच त्यांची जागा.

अर्धवट जुळणारी नावे शेवटी ‘हेही पाहा’ अशा एका ओळीत द्या. पलुसकरांच्या पानावर पलूस गाव तसे जाईल. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंवरून नाव पडलेली नाशिकची आनंदवल्ली ‘आनंदीबाई’ या नावाच्या पानावर तशीच जाईल. दुकाने, सोसायट्या, मंगल कार्यालये मात्र त्या ओळीतही नकोत.

टप्पा ७: ओळ लिहा

आता पहिल्यांदा लिहायचे. एका धन्याला एक ओळ. ओळीत नाव, काळ किंवा तालुका, आणि ओळख पटेल एवढे चार-पाच शब्द. ‘थोर’, ‘सुप्रसिद्ध’, ‘महान’ हे शब्द काढून टाका, त्यांनी एकही माणूस दुसऱ्यापासून वेगळा होत नाही.

तयार पान असे दिसेल:

त्र्यंबक या नावाने पुढीलपैकी कोणीही अभिप्रेत असू शकते.

ठिकाणे
त्र्यंबकेश्वर: नाशिक जिल्ह्यातले गाव आणि तालुका
त्र्यंबकेश्वर मंदिर: तिथले ज्योतिर्लिंग
ब्रह्मगिरी: त्र्यंबकचा गड, गोदावरीचा उगम

व्यक्ती
त्र्यंबकराव दाभाडे: सेनापती, मृत्यू १७३१
त्र्यंबकराव विश्वनाथ पेठे: पेशव्यांचे सरदार, मृत्यू १७७४
त्र्यंबकजी डेंगळे: दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी
त्र्यंबक बापूजी ठोमरे: कवी, पाहा बालकवी
त्र्यंबक शंकर शेजवलकर: इतिहासकार, १८९५–१९६३
त्र्यंबकराव जानोरीकर: भेंडीबाजार घराण्याचे गायक

इतर
त्र्यंबक: शंकराचे एक नाव

व्यक्ती मी काळाच्या क्रमाने लावतो, वर्णानुक्रमाने नाही. इथे सगळ्यांचे पहिले अक्षर एकच आहे, त्यामुळे वर्णानुक्रम वाचकाला काही सांगत नाही. मोठ्या सूचीत मात्र वर्णानुक्रमच हवा, आणि तिथे ‘त्र’ हे जोडाक्षर ‘त’मध्ये लावायचे. काही सूच्यांत ते ‘ज्ञ’जवळ शेवटी सापडते, काहींत अर्धे इकडे अर्धे तिकडे. एकदा ठरवा आणि सूचीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

*तपासणी:* एका ओळीवरचे नाव हाताने झाका. उरलेल्या शब्दांवरून माणूस ओळखता येतो का? ‘पेशव्यांचे सरदार’ एवढेच उरले तर येत नाही. वर्ष घातले की येतो.

टप्पा ८: शीर्षके आणि मूळ नावाचा हक्क

प्रत्येक लेखाच्या शीर्षकात फरक हवा. आडनावाने फरक पडत असेल तर तेवढे पुरे. पडत नसेल तर कंसात माणसासाठी काम लिहा, गावासाठी तालुका: (गायक), (इतिहासकार), (जुन्नर तालुका). कंसात वर्ष घालणे शेवटचा उपाय, कारण वाचकाला वर्ष आठवत नसते.

नुसत्या, कंसाशिवायच्या नावावर कोणाचा हक्क? ‘मालेगाव’ म्हटल्यावर बहुतेकांच्या मनात नाशिक जिल्ह्यातले शहर येते. म्हणून ते नाव त्या शहराला द्यावे, आणि लेखाच्या डोक्यावर वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावकडे नेणारी एक ओळ ठेवावी. ‘ओझर’चे तसे नाही, दोन्ही गावांना आपापले वाचक आहेत, तिथे नुसत्या नावावर फाटापानच हवे. ‘त्र्यंबक’वरही मी फाटापान ठेवीन, कारण गावाला त्र्यंबकेश्वर हे वेगळे नाव आधीच आहे. गावाचा माणूस म्हणून मोह होतो, पण शेजवलकर शोधणाऱ्या विद्यार्थ्याला देवळाच्या दर्शनाच्या वेळा वाचायला लावू नयेत.

टप्पा ९: जुने दुवे वळवा

पान तयार झाले म्हणजे काम संपले असे समजून बहुतेक जण इथेच उठतात. पण आधीच्या लेखांत, सूचीत, तळटिपांत जिथे जिथे नुसते ‘त्र्यंबक’ आहे, ते सगळे आता फाट्यावर येऊन थांबतात. पहिल्या टप्प्यातले रूपांचे पान काढा आणि एकेक रूप शोधून प्रत्येक उल्लेख थेट त्याच्या धन्याकडे वळवा. एका बैठकीत वीस-पंचवीसच करा, थकलेल्या डोळ्यांनी केलेली वळणे परत चुकतात.

‘अनिश्चित’चा ढीग फेकू नका. एका पाकिटात घालून वर नाव आणि तारीख लिहा. माझ्या त्या पाकिटात आज सात चिठ्ठ्या आहेत. त्यातल्या एकीवर एवढेच आहे: ‘त्रिंबकबुवा. नाशिक. कीर्तन.’ वर्ष नाही, आडनाव नाही. पान क्रमांक आहे.